बाबांच्या रकान्यात

नववीत असताना मी एका तक्त्यात खोटं लिहिलं होतं.

विज्ञानाच्या तासाला आनुवंशिकतेचा धडा चालू होता आणि गृहपाठ म्हणून एक तक्ता दिला होता. घरातल्या प्रत्येकाची जीभ, कानाची पाळी आणि अंगठा बघायचा आणि रकान्यांत ‘होय’ किंवा ‘नाही’ भरून आणायचं. जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून नळी करता येते का, पाळी गालाला चिकटलेली आहे की सुटी आहे, अंगठा मागे वाकतो का. पाठांतर नसलेला गृहपाठ क्वचितच मिळायचा, त्यामुळे मी खूश होते. रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांना दिव्याखाली बसवलं. मला जिभेची नळी येते हे मला ठाऊकच होतं. आईने दोनदा प्रयत्न केला, जीभ सपाटच राहिली. “हे माझ्याच्याने व्हायचं नाही,” म्हणून ती उठली. धाकट्या भावालाही जमेना. बाबा मात्र इरेला पेटले. आरशासमोर उभे राहिले, गाल आत ओढून पाहिले, आणि शेवटी दोन्ही हातांच्या बोटांनी जिभेच्या कडा धरून वर उचलल्या. बोटं सोडली की जीभ पुन्हा पसरायची. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिघांच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि माझ्या रकान्यात ‘होय’.

दुसऱ्या दिवशी वर्गात नियम सांगितला गेला. नळी करण्याचा गुण प्रभावी असतो, त्यामुळे आई-वडिलांपैकी निदान एकाला तो असल्याशिवाय मुलात येत नाही. मग एकेकाचे तक्ते वाचायला सुरुवात झाली. माझा वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हणजे ही त्यांची नाहीच.” वर्ग हसला. मला सांगण्यात आलं, “घरी जाऊन परत नीट बघ.” मी घरी परत काही बघितलं नाही. खोडरबरने बाबांच्या रकान्यातलं ‘नाही’ पुसलं आणि ‘होय’ लिहिलं. तक्ता बरोबर ठरला.

त्या संध्याकाळी बाबा पेपर वाचत होते आणि मी समोर बसून त्यांचा चेहरा न्याहाळत होते. भुवया माझ्यासारख्या आहेत का. कान. बोटांची लांबी. हे बघणं पुढे कितीतरी दिवस चाललं आणि मी त्याबद्दल कोणाशीही बोलले नाही. चौदा वर्षांच्या मुलीला विज्ञानाचं पुस्तक चुकीचं असू शकतं असं वाटत नाही. आपणच चुकीचे असू, असं वाटतं.

त्या एका ‘होय’मुळे मी पुढे आनुवंशिकतेबद्दल जे हाती लागेल ते वाचत राहिले.

मूल जन्माला आलं की पहिला प्रश्न येतो, “कोणावर गेलंय?” मग नाक आत्याचं ठरतं, जिवणी आजीची, रंग मामाचा. बोलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, पण या बोलण्यात एक खोल निरीक्षण आहे. नाक अख्खंच्या अख्खं आत्याचं येतं. आत्याचं आणि मावशीचं मिसळून मधलं कुठलंतरी आलं, असं आपण सहसा म्हणत नाही. आणि तरीही याच विषयावर गंभीरपणे बोलायला लागलो की आपली भाषा बदलते. रक्ताचं नातं, रक्तातच आहे, एकाच रक्ताचे. रक्त म्हटलं की मिसळणं आलंच. एकोणिसाव्या शतकात युरोपातले बहुतेक शहाणे लोकही हेच धरून चालले होते, की आई आणि वडील यांचे गुण दोन रंगांसारखे एकमेकांत मिसळतात.

यात मोठी अडचण होती. पांढऱ्यात काळा रंग ओतला की करडा तयार होतो आणि त्या करड्यातून पुन्हा पांढरा वेगळा काढता येत नाही. वारसा असा असता तर दर पिढीला माणसामाणसांतला फरक निम्म्यावर आला असता आणि थोड्याच पिढ्यांत सगळे एकसारखे करडे झाले असते. डार्विनने 1859 साली नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला. तो सगळा उभा होता एकाच जातीतल्या जीवांमधल्या लहानमोठ्या फरकांवर. हे फरक टिकतात कसे, हेच त्याला ठाऊक नव्हतं. 1867 मध्ये फ्लीमिंग जेनकिन नावाच्या अभियंत्याने नेमकं तिथे बोट ठेवलं. नवा चांगला गुण एखाद्यात आला तरी मिसळून मिसळून तो विरून जाईल, असा त्याचा आक्षेप होता, आणि डार्विन त्याने बेचैन झाला.

उत्तर तोवर छापून झालं होतं. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्र्नो शहराच्या मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेलने 1856 पासून आठेक वर्षं वाटाण्याची हजारो रोपं वाढवली, 1865 च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये तिथल्या निसर्ग अभ्यासकांच्या सभेत दोन भाषणं दिली आणि 1866 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. डार्विनपर्यंत ते कधी पोचलं नाही. मेंडेल 1884 मध्ये वारला आणि 1900 मध्ये जगाला त्याची आठवण झाली.

त्याच्या प्रयोगांपैकी एकच मी पुन्हा पुन्हा वाचते. पिढ्यानपिढ्या फक्त गोल दाणे देणारा वाटाणा आणि फक्त सुरकुतलेले दाणे देणारा वाटाणा यांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुती गेली कुठे? रंगाचं गणित खरं असतं तर किंचित सुरकुतलेले, मधले दाणे यायला हवे होते. मग त्याने या गोल दाण्यांपासून 253 रोपं वाढवली आणि त्यांच्यात स्वपरागण होऊ दिलं. शेंगा सोलल्या तेव्हा 7324 दाणे निघाले: 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले. पुष्कळदा एकाच शेंगेत दोन्ही, शेजारी शेजारी. एक टुमटुमीत, गुळगुळीत, आणि त्याला चिकटून बसलेला दुसरा असा चुरगळलेला, जणू मध्ये एक पिढी गेलीच नाही. तो अर्धवट सुरकुतलेला नव्हता. आजोबांचा असावा तसा पुरता सुरकुतलेला होता.

मेंडेल इथे थांबला नाही, आणि मला त्याच्याबद्दल सर्वात जास्त आदर वाटतो तो यासाठी. त्या गोल दाण्यांपैकी 565 दाणे त्याने पुन्हा पेरले. 193 रोपांनी फक्त गोल दाणे दिले. उरलेल्या 372 रोपांनी गोल आणि सुरकुतलेले असे दोन्ही दिले. वरून बघितलं तर सगळे गोल दाणे सारखेच, पण तीनातले दोन आत काहीतरी राखून होते.

त्याने यातून काढलेला अर्थ आज शाळेतलं पोरही सांगतं. प्रत्येक गुणासाठी दोन घटक असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून आलेला. ते एकाच घरात राहतात पण एकमेकांत मिसळत नाहीत. पुढच्या पिढीला देताना त्यातला एकच दिला जातो, आणि तो अख्खा दिला जातो. त्या घटकांना जनुक हे नाव खूप नंतर मिळालं.

रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने 1936 मध्ये मेंडेलच्या आकड्यांवर शंका घेतली. आकडे अपेक्षेच्या फारच जवळ आहेत, इतके जवळ सहसा येत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. यावर पुढे पुष्कळ लिहिलं गेलं आणि आज बहुतेक अभ्यासक मेंडेलला लबाड म्हणत नाहीत. मला मात्र तो वाद वाचताना माझा खोडरबर आठवला. नियमाला शोभावा म्हणून तक्ता दुरुस्त करण्याचा मोह कसा असतो हे मला ठाऊक आहे. एवढ्या वर्षांच्या एकट्याच्या कामात मेंडेलला तो मोह कधी झाला असेल का, हे मी ठरवू शकत नाही. पण कोणीही बाजूला टाकले असते असे 1850 सुरकुतलेले दाणे त्याने मोजून लिहून ठेवले, त्या दाण्यांवर माझा विश्वास आहे.

सुरकुती का पडते हे कळायला 1990 साल उजाडलं. वाटाण्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, तयार होताना त्याच्या साखळीला फांद्या फोडणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं. सुरकुतलेल्या वाटाण्यात त्या विकराच्या जनुकात डीएनएचा सुमारे 800 अक्षरांचा एक उपरा तुकडा घुसून बसलेला आहे. वाक्याच्या मध्येच दुसऱ्याच कागदावरचा परिच्छेद चिकटवावा तसा. मग विकर नीट बनत नाही, पिष्ट कमी तयार होतं, साखर साठून राहते, साखर पाणी ओढते आणि कोवळा दाणा जास्तच फुगतो. वाळताना ते पाणी जातं, पण ताणलेलं साल तेवढंच राहतं. त्याला सुरकुत्या पडतात. बिघडलेल्या जनुकाचा दाणा गोड असतो हेही इथेच कळतं.

आणि गोलपणा ‘प्रभावी’ का? तर चांगल्या जनुकाची एक प्रत असली तरी कामापुरतं विकर तयार होतं म्हणून. बस, एवढंच. ‘प्रभावी’ आणि ‘अप्रभावी’ हे शब्द मला कधीच आवडले नाहीत. ते ऐकले की एक जनुक दांडगं आहे आणि दुसरं त्याच्यापुढे दबून आहे असं चित्र उभं राहतं. खरं तर अशी कुस्ती कुठे चालू नसते. एक प्रत काम करते, दुसरी करत नाही, आणि एकीचं काम दोघींपुरतं होतं. गंमत अशी, की बाहेरून गोल दिसणारा संकरित दाणा फोडून त्यातले पिष्टाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते दोन्ही जातींच्या मधले दिसतात. म्हणजे एकच दाणा, सालीकडून बघितला तर प्रभावाचा नियम पाळतो आणि आतून बघितला तर पाळत नाही. हे मला नववीत कोणी दाखवलं असतं तर!

आता जिभेकडे येते.

जिभेची नळी करणं हा आनुवंशिक, प्रभावी गुण आहे, असं 1940 मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंटने मांडलं. हा साधासुधा माणूस नव्हता. 1913 मध्ये जनुकांचा जगातला पहिला नकाशा त्याने काढला होता, फळमाशीच्या गुणसूत्राचा. त्याने म्हटलं म्हणून ते पाठ्यपुस्तकांत गेलं. 1952 मध्ये कोणीतरी एकसारख्या जुळ्यांच्या 33 जोड्या तपासल्या. एकसारखी जुळी म्हणजे एकाच फलित अंड्यातून झालेली, सगळी जनुकं तीच. त्यांतल्या 7 जोड्यांत एकाला नळी येत होती आणि दुसऱ्याला येत नव्हती. हा गुण एकाच जनुकाचा असता तर असं एकाही जोडीत व्हायला नको होतं. स्टर्टेव्हंटने चूक मान्य केली. हा गुण अजूनही मेंडेलच्या नियमाचं पक्कं उदाहरण म्हणून छापला जातो हे बघून आपल्याला शरमल्यासारखं होतं, असं त्याने 1965 मध्ये लिहिलं.

हे मी वाचलं तेव्हा तिशी ओलांडली होती. रात्री उशिरा वाचत होते आणि पुस्तक मिटून तशीच बसून राहिले. ज्याने तो नियम सांगितला होता त्यानेच तो मागे घेतला होता, आणि तेही मी शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी. मला राग मागच्या बाकावरच्या त्या मुलाचा नाही आला, तो मुलगाच होता. राग आला तो त्या तक्त्याचा, जो एवढ्या वर्षांत कोणी बदलला नाही. किती घरांत किती मुलांनी आपल्या बापाच्या चेहऱ्यात आपल्या भुवया शोधल्या असतील? लहान मुलाच्या हातात घरच्यांची तपासणी देताना देणाऱ्याने निदान उदाहरण तरी खरं निवडावं.

कानाच्या पाळीचंही तेच. चिकटलेली आणि सुटी असे दोन कप्पे पुस्तकात असतात, पण दहा माणसांचे कान जवळून बघितले तर पाळ्या एकात एक सरकत जातात आणि कप्पा कुठे संपला हे सांगता येत नाही. 2017 च्या एका मोठ्या अभ्यासात या एवढ्याशा पाळीशी संबंधित 49 जागा जनुकसंचात सापडल्या. उंचीसाठी 2022 मध्ये 54 लाख माणसांचा डीएनए तपासला तेव्हा अशा 12,111 जागा निघाल्या. प्रत्येक जागेचा वाटा इवलासा. या अनेक कणांच्या बेरजेमुळे उंची रंगासारखी मिसळल्याचा भास होतो, पण आत प्रत्येक कण अख्खाच असतो. हे गणित त्याच फिशरने 1918 मध्ये सोडवून ठेवलं होतं. शिवाय आहार आहे, आजारपणं आहेत, गर्भातला योगायोग आहे. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो, असं म्हणणाऱ्यांना वाण आणि गुण ही दोन वेगळी खाती आहेत हे कळत होतं. फक्त ती खाती इतकी एकमेकांत गुंतलेली असतील याची त्यांना कल्पना नसावी.

मी आणि माझा भाऊ, एकाच आईबापाची, तरी आम्हांला शेजारी उभं केलं तर कोणी बहीणभाऊ म्हणणार नाही. याचं कारण मला जनुकांच्या सगळ्या गोष्टींत सर्वात सुंदर वाटतं. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र पुढे जातं. आजोबांकडचं जाईल की आजीकडचं, हे प्रत्येक जोडीपुरतं स्वतंत्रपणे ठरतं. म्हणजे एकेका पालकाकडून 83,88,608 वेगवेगळे संच निघू शकतात, आणि दोघांचे मिळून 70 लाख कोटींहून जास्त. हाही हिशोब अपुराच आहे. कारण वेगळं होण्याआधी जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात, ठिकठिकाणी तुटतात आणि आपले तुकडे बदलून घेतात. त्यामुळे आईने मला दिलेलं एक गुणसूत्र धडपणे तिच्या आईचंही नसतं आणि वडिलांचंही नसतं. दोघांच्या तुकड्यांचं ते नवं गुणसूत्र असतं आणि जगात त्याची दुसरी प्रत नसते. सख्ख्या भावंडांत वारशाने आलेला डीएनए सरासरी निम्मा सारखा असतो असं आपण म्हणतो, पण मोजलं तेव्हा तो 37 टक्क्यांपासून 62 टक्क्यांपर्यंत सापडला. काही भावंडं खरोखरच इतरांपेक्षा जास्त भावंडं असतात.

हे तुकडे बदलणं स्त्रीच्या बाबतीत कधी होतं माहीत आहे? ती जन्माला येण्यापूर्वी. मुलीच्या अंडपेशी ती आईच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागतात, गुणसूत्रांची देवाणघेवाण तिथेच होते आणि मग सगळं वर्षानुवर्षं थांबून राहतं. याचा अर्थ, ज्या अंडपेशीपासून मी झाले तिच्यातली आजी-आजोबांची ही देवाणघेवाण झाली तेव्हा माझी आई माझ्या आजीच्या पोटात होती. मी आजीला फार थोडी ओळखते. मी चार वर्षांची असताना ती गेली. पण त्या काही आठवड्यांत आम्ही तिघी एकाच जागी होतो. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने आतून आजीचा फोटो घेऊन आली आणि आम्ही तो बघत बसलो.

गुणसूत्रांचे हे पत्ते पिसण्याव्यतिरिक्त थोडे कोरे पत्तेही घातले जातात. प्रत्येक मुलात सुमारे 60 ते 70 बदल असे असतात, जे आईतही नव्हते आणि बापातही नव्हते. नक्कल उतरवताना अक्षर चुकावं तशी ही उत्परिवर्तनं. त्यांतली बरीचशी वडिलांकडून येतात, कारण शुक्रपेशींसाठी नकला सतत चालू असतात. बहुतेक बदल काहीच करत नाहीत, काही घात करतात आणि क्वचित एखादा कामी येतो. कुठल्याही दोन माणसांच्या डीएनएमध्ये साधारण हजारात एक अक्षर वेगळं असतं. ऐकायला हे थोडं वाटतं, पण तीन अब्ज अक्षरांच्या मजकुरात ते 30 लाख फरक होतात. रिचर्ड लेवोंटिन या आनुवंशशास्त्रज्ञाने 1972 मध्ये हिशोब मांडला तेव्हा माणसांमधल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे 85 टक्के एकाच लोकसमूहाच्या आत सापडले. वेगळेपण शोधायला दूर जावं लागत नाही, ते पंगतीत शेजारी बसलेल्या माणसात असतं.

फरकच उरला नाही तर काय होतं ते चित्त्याकडे बघून कळतं. 1980 च्या दशकात शास्त्रज्ञांनी नात्यात नसलेल्या चित्त्यांच्या कातडीचे तुकडे एकमेकांवर लावून बघितले. प्राण्याचं शरीर सहसा परकी कातडी काही दिवसांत झिडकारतं. या चित्त्यांच्या शरीरांनी आठवड्यांमागून आठवडे ती आपली म्हणून ठेवून घेतली. त्यांच्या पूर्वजांची संख्या कधीकाळी फारच घटली होती आणि उरलेले सगळे एकमेकांसारखे होऊन बसले. आज एखादा रोग एका चित्त्याला पुरून उरला, तर दुसऱ्याकडेही त्याला रोखणारं वेगळं असं काही सापडण्याची शक्यता कमी. ते वाचताना मला आमच्या दिव्याखाली बसलेल्या चार जणांचा तक्ता आठवला. एक ‘होय’ आणि तीन ‘नाही’.

मागच्या महिन्यात माझी लेक शाळेतून आली आणि दप्तरातून एक कागद काढला. रकाने आखलेले. जीभ, कानाची पाळी, अंगठा. मी तो हातात घेतला आणि काही क्षण मला काही सुचेना.

तिने सगळ्यांना रांगेत बसवलं. तिच्या वडिलांना जमलं, मला जमलं, तिला स्वतःला जमलं नाही. मग ती आजीकडे वळली. आईने चष्मा काढून ठेवला, जीभ बाहेर काढली आणि ती सपाटच राहिली. लेकीने ‘नाही’ लिहिलं.

“आणि आजोबा?” तिने विचारलं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तिला ते आठवतात, पण पुसट.

आईने माझ्याकडे बघितलं. खोडरबरची गोष्ट तिला अजूनही ठाऊक नव्हती. ती म्हणाली, “आरशापुढे उभं राहून किती खटाटोप केला होता गं त्यांनी. बोटांनी धरून.”

“म्हणजे येत होती का नव्हती?”

“नव्हती,” मी म्हणाले.

लेकीने पेन्सिल थांबवली. कागदावरचा नियम तिने आधीच वाचला होता. “पण मग तुला कशी येते? मग हे चुकीचं होईल ना?”

मी तिला एकसारख्या जुळ्यांच्या 33 जोड्यांबद्दल सांगितलं, त्यांतल्या 7 बद्दल सांगितलं. मग नववीतला तक्ताही सांगितला, आईच्या समोरच. आई ऐकत होती. मी थांबल्यावर तिने हात लांब करून माझ्या पाठीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

लेक कागदावर वाकली. आजोबांच्या रकान्यात तिने ठळक अक्षरांत ‘नाही’ लिहिलं.